हौसेला मोल नसले तरी हिशेब हवा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाचकांच्या पत्रांच्या सदरात सध्या गाड्यांच्या सजावटीवरून जो वाद रंगला आहे, तो मी पहिल्या पत्रापासून वाचत आलो आहे. फटाक्यासारखे आवाज काढणारे सायलेन्सर, डोळे दिपवणारे पांढरे दिवे आणि काळ्या काचा यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्या ज्येष्ठ वाचकांचा संताप मला कळतो. ‘आमच्या घामाच्या पैशाची गाडी आम्ही हवी तशी सजवू’ असे लिहिणाऱ्या तरुणाचा हट्टही मला अगदीच परका वाटत नाही. मात्र या वादात एका वाचकाने सहज एक सल्ला दिला, की तरुणांनी हा नाद सोडून सायकल चालवावी, म्हणजे तब्येतही राहते आणि पैसाही लागत नाही. त्या शेवटच्या चार शब्दांपाशी मी अडखळलो, कारण मला हे दोन्ही नाद आहेत आणि सायकलीला पैसा लागत नाही हे विधान माझ्या जमाखर्चाच्या वहीपुढे टिकत नाही. गाडीवर घातलेला सगळाच पैसा पाण्यात जातो, हेही त्या वहीपुढे टिकत नाही.

मी कापसाच्या पट्ट्यातील एका तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनीस आहे. दसऱ्यापासून होळीपर्यंत आमच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग असते. काट्यावरचे वजन, कास्तकारांचे चुकारे, रुईच्या गाठी, सरकीची विक्री, हमालांची मजुरी असे दुसऱ्यांचे आकडे जुळवण्यात दिवस जातो आणि एका रुपयाचा फरक राहिला तरी रात्री घरी जायला उशीर होतो. असे असूनही स्वतःच्या हौसेचा हिशेब मी दोन वर्षे मांडला नव्हता. तो मांडावा लागला सौभाग्यवतीमुळे. विम्याचा कागद शोधताना तिला गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात बिलांची एक चळत सापडली. आवाज न चढवता तिने ती बिले तारखेवार लावली, माझ्यापुढे ठेवली आणि एवढेच विचारले, “यातली गाडीची कोणती आणि सायकलीची कोणती, तेवढं वेगळं करून देता का?”

गाडी म्हणजे २०२१ साली ३ लाख ४० हजारांना घेतलेली एक सेकंडहँड लहान हॅचबॅक. तिच्यावर पुढच्या दोन वर्षांत मी चार अलॉय चाकांचे २६ हजार, त्यांवर चढवलेल्या रुंद टायरांचे २२ हजार, टचस्क्रीनचे साडेबारा हजार, अँप आणि वूफरचे १४ हजार, पुढच्या एलईडी पट्टीचे व फॉग लाइटचे वायरिंगसह ९ हजार, सीट कव्हरचे साडेसहा हजार आणि काचांच्या फिल्मचे ४ हजार घातले होते. बेरीज ९४ हजार. सुट्या बिलांवर हे आकडे निरुपद्रवी दिसतात, कारण ते रुपयांत असतात. आमच्याकडे जड खर्च क्विंटलात मोजण्याची पद्धत आहे, म्हणून मीही तसाच मोजला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या दराने ९४ हजार म्हणजे साडेसतरा क्विंटलांहून थोडे अधिक सोयाबीन, आणि कोरडवाहू वावरात एकरी सहा क्विंटल पिकले असे धरले तर जवळजवळ तीन एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी आणि मळणी यांचा खर्च वजा न करता. माझ्या वाट्याची वडिलोपार्जित जमीन नेमकी तीन एकर आहे. (हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पडतो हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

आता सायकल. २०२२ साली मी १८ हजारांची एक हायब्रीड सायकल घेतली आणि मनाशी ठरवले, की आता खर्च संपला. नंतरच्या दोन वर्षांत चपट्या पेडलऐवजी बुटाला अडकणारी पेडल ३,५०० रुपये, ते बूट ४,५००, हेल्मेट २,८००, पुढचा-मागचा दिवा ३,२००, गादी शिवलेल्या दोन चड्ड्या ४,४००, हँडलवरचा छोटा जीपीएस ६,०००, पंप आणि अवजारे १,९०० आणि कार्बनचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ३,७०० असे ३० हजार गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. यातील सीटपोस्टविषयी वेगळे सांगितले पाहिजे. त्याने सायकलचे वजन अर्ध्या पावाच्या आतबाहेर कमी झाले असेल. त्याच काळात दिवाळीच्या फराळाने माझे स्वतःचे वजन तीन किलो वाढले होते. हा खर्च समजावून सांगण्यासाठी मी घरी जे तांत्रिक विवेचन केले ते ऐकून घेतले गेले, परंतु मान्य झाले नाही.

सायकलीच्या खर्चाचा धोका असा, की तो चिल्लरीत येतो. गाडीचे बिल एकदम वीस-पंचवीस हजारांचे असते, त्यामुळे माणूस निदान एक रात्र विचार करतो. सायकलीचे बिल पाचशे, नऊशे, बाराशे असे येते आणि प्रत्येक वेळी ‘तब्येतीसाठी’ हा शिक्का मारून मंजूर होते. त्यात आमचा मुलूख. शेतरस्त्यावर दहा किलोमीटर गेले, की टायरात सराटा किंवा बाभळीचा काटा सापडणारच. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी काही ठासून बसते, की चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घेऊन डांबरापर्यंत यावे लागते. मी वर्षाला साधारण साडेतीन हजार किलोमीटर चालवतो. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत पहाटे पाचला निघून सातच्या आत घरी, आणि जिनिंगच्या हंगामात फक्त रविवारी. एवढ्यासाठी वर्षाला एक चेन, सहा-सात ट्यूब, ब्रेकच्या दोन जोड्या, केबल आणि दीड-दोन वर्षांनी टायर धरले तर सात ते आठ हजार रुपये लागतात. हा खर्च टाळता येत नाही, आणि टाळला तर महागात पडतो. चेन ताणली गेली असता ती वेळेवर बदलली नाही, तर ती मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, आणि पुढच्या चक्राचे दात खाते. नऊशे रुपयांची चेन वाचवायला गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला पुढे साडेतीन हजार मोजावे लागले. चेन मापण्याची पट्टी दोन-अडीचशे रुपयांत मिळते आणि एका गावात एक पुरते.

गाडीच्या बाबतीत मात्र खर्चाचा दुसरा हप्ता बिलावर कधीच छापलेला नसतो. माझ्या गाडीचे मूळ टायर १६५/८० आर १४ मापाचे होते. मी १५ इंची अलॉयवर १९५/६५ चढवले. दोन्हींचा व्यास काढून पाहिला तर नवे चाक सुमारे १५ मिलिमीटरने, म्हणजे साधारण अडीच टक्क्यांनी मोठे निघते. परिणामी काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी त्याहून दोन-अडीच किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. रुंद आणि जड चाकामुळे माझे ॲव्हरेज लिटरमागे १८ वरून साडेसोळावर आले. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर हे साठ लिटर जादा पेट्रोल झाले, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला ६,३००. म्हणजे माझ्या चाकांची शोभा मला सायकलीच्या वर्षभराच्या देखभालीच्या जवळपास जाणारा खर्च दरवर्षी नव्याने करायला लावत होती, आणि या खर्चाला मी इतके दिवस ‘पेट्रोल’ म्हणत होतो. गेल्या वर्षी गाडी विकण्याचा विचार करून एका दलालाला ती दाखवली, तेव्हा त्याने चाकांकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “कंपनीचे चाकं ठेवले असन तं आना भाऊ, मंग भावाचं बोलू.” सव्वीस हजारांच्या अलॉयबद्दल त्याने भावात एक रुपयाही वाढवला नाही.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो अनेकांच्या गाड्यांत आजही चालू असेल. एलईडी पट्टी लावण्याच्या आधी मी मूळ दिव्यांत १००/९० वॅटचे बल्ब टाकले होते. लहान गाड्यांच्या हेडलाइटमध्ये कंपनीकडून सामान्यतः ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब येतो आणि होल्डर, तार व स्विच त्याच भाराच्या हिशेबाने केलेले असतात. दुकानदाराने वेगळे रिले-वायरिंग (जादा भार थेट बॅटरीवरून घेणारी जोडणी) करायला सांगितले नाही, मीही विचारले नाही. एका लग्नाहून रात्री परतताना बॉनेटमधून प्लॅस्टिक जळाल्याचा वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन पाहिले तर डाव्या दिव्याचा होल्डर पापडासारखा वाकडा झाला होता आणि त्याची एक पिन बल्बाला चिकटून बसली होती. गावातल्या वायरमनने ते पाहून म्हटले, “भाऊ, हा लाइट गाडीले नाही, मंडपाले लावाचा असते.” नवे होल्डर, रिले आणि पुन्हा ६०/५५ चे बल्ब यांना बाराशे रुपये लागले. माझ्या संपूर्ण यादीत गाडीच्या दिव्यांवर योग्य कारणासाठी झालेला हा एकमेव खर्च.

कायद्याविषयी वाचकांच्या पत्रांत बराच गोंधळ दिसला, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द तरुण वाचकांनी दोनदा वाचावेत. काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार गेला पाहिजे, हा नियम त्याही आधीपासून आहे. सीएनजी किट किंवा रंगबदल करता येतो, पण तो परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेल्या बदलांनाही कायद्यात जागा आहे. सीट कव्हर, फ्लोअर मॅट, फोनचा स्टँड यांवर कोणी पावती फाडत नाही. विम्याचेही असेच आहे. बाहेरून बसवलेले साहित्य पॉलिसीत दाखवले नसेल तर अपघातात त्याची भरपाई मिळत नाही, आणि मोठा बदल लपवलेला असेल तर सगळाच दावा अडचणीत येऊ शकतो.

हे सर्व मला ठाऊक होते असे नाही. ते शोधून वाचण्याचे कारण मागच्या डिसेंबरमधला एक रविवार. पहाटे साडेपाचला मी एका राज्यमार्गावरून सायकलने निघालो होतो. धुके होते, तुरीच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि माझा दिवा पुढचे वीस पावले दाखवत होता. समोरून एक गाडी आली. तिच्या बंपरवर पट्टी होती, आणि तो पांढरा झोत डोळ्यांत घुसल्यावर रस्त्याची कड, दगड, झाड काहीच दिसेना. मी सवयीने डावीकडे सरकलो. तिथे नव्या सिमेंट रस्त्याची कड संपत होती आणि तिला लागून भरलेला साइडपट्टीचा मुरूम पावसाळ्यात वाहून गेलेला होता. पुढचे चाक खाली उतरले, मी हँडलवरून पुढे गेलो. खांद्याचे हाड थोडक्यात वाचले, मनगट पंधरा दिवस बांधून ठेवावे लागले. काही दिवसांनी मी मोजपट्टी घेऊन गेलो तर त्या जागी सिमेंटची कड मुरमापासून सात इंच वर होती. गाडीवाला थांबला नाही. त्याला मी दिसलोही नसेन. मनगट बांधलेल्या हाताने घरी आलो तेव्हा ओसरीपुढे माझी स्वतःची गाडी उभी होती, आणि तिच्या बंपरवर तशीच पट्टी होती. ९ हजारांची ती पट्टी मी पुढच्या आठवड्यात काढली आणि अडीच हजारांना विकायला काढली. मग गिऱ्हाईक आल्यावर विचार बदलला, कारण ती कोणाच्या तरी गाडीवर लागणारच होती. ती आता माझ्या वावरातल्या पंपघरावर आहे आणि रानडुकरे हाकलायला उपयोगी पडते.

त्या वर्षापासून मी दोन्ही छंदांचे पाकीट एक केले. यापूर्वी गाडीचा खर्च घरखर्चात दडत असे आणि सायकलीचा औषधपाण्यात. दोघांचीही खरी रक्कम कोणालाच कळत नसे, मला तर नाहीच. आता दर महिन्याला पगाराच्या दिवशी अडीच हजार रुपये वेगळ्या खात्यात जातात. वर्षाचे तीस हजार झाले, की गाडी आणि सायकल यांनी ते आपसांत वाटून घ्यायचे. या वाटपात पहिला मान थांबवणाऱ्या, दिसणाऱ्या आणि रस्ता धरणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे ब्रेक, नियमातले दिवे आणि टायर यांचा, मग ते दोन चाकांचे असोत की चारांचे. त्यातून सायकलीचे आठ हजार ठरलेले. गाडीसाठी दरवर्षी आठ हजार टायरांच्या नावाने बाजूला पडतात, म्हणजे चार टायर बदलायची वेळ आली की हात पसरावा लागत नाही. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटर लांबीच्या सिमेंट रस्त्यावर आमची माणसे आता नागपूरहून थेट मुंबईकडे जातात, आणि मे महिन्याच्या दुपारी झिजलेल्या किंवा हवा कमी असलेल्या टायरांवर त्या वेगाने जाण्यात काय धोका आहे, हे वेगळे सांगायला नको. उरलेल्या १४ हजारांत हौस. त्यातही एक अट मी स्वतःला घालून घेतली आहे: हौसेची वस्तू मनात आली, की तिचे नाव आणि तारीख वहीत लिहायची आणि एक महिना थांबायचे. तेव्हापासून अशा अकरा वस्तू लिहिल्या गेल्या आणि प्रत्यक्षात तीन घेतल्या. बाकीच्या आठांपैकी दोन काय होत्या ते आता मलाच आठवत नाही.

दोन छंद एकमेकांचा खर्च कमी करू शकतात, याचा अनुभव मात्र अनपेक्षित होता. ऑगस्टमध्ये आम्ही चौघे चिखलदऱ्याला गेलो. मागचे सीट पाडून, पुढची चाके काढून दोन सायकली माझ्या गाडीत आणि दोन सोबत्याच्या गाडीत घातल्या, परतवाड्यापर्यंत गाड्यांनी गेलो आणि तिथून घाट सायकलने चढलो. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण हजार मीटरहून उंच आहे. वर पोहोचेपर्यंत सगळे हिशेब घामातून निघून जातात. पेट्रोल चौघांत वाटले गेले. गाडीमागे लावायच्या सायकल-रॅकसाठी मी आधी ११ हजार बाजूला काढायच्या बेतात होतो. सीट पाडून काम भागते हे कळल्यावर ती नोंद वहीतच राहिली. शिवाय मागच्या रॅकमुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात आणि त्यावर वेगळी कारवाई होऊ शकते, हे रॅक विकणारा सहसा सांगत नाही. फ्लोअर पंप, चेनची पट्टी, पेडल काढायचा पाना आणि चाकाची डगमग काढायची चावी ही अवजारेही आमच्यात सामाईक आहेत आणि ट्यूब आम्ही डझनाने मागवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्वी करासह १८ हजारांना पडणाऱ्या सायकलीमागे हा फरक साधारण अकराशे रुपयांचा आहे, म्हणजे एक बरे हेल्मेट निम्म्या पैशांत.

सायकलस्वार बांधवांनाही एक शब्द. गाडी सजवणाऱ्याला आपण उधळ्या म्हणतो आणि स्वतः लाखाची सायकल घेऊन त्याला शिस्त म्हणतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत एकट्याने वेळेत पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या भागात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ वाढली, याचा मला अभिमान आहे. पण त्या ओढीतून आधी सायकल बदलण्याची जी घाई सुटते, ती गाडीच्या अलॉयपेक्षा वेगळी नाही. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला, साडेतेरा तास मिळतात. मी ती माझ्या त्याच १८ हजारांच्या हायब्रीडवर बारा तास चाळीस मिनिटांत पूर्ण केली आहे, आणि शेवटचे साठ किलोमीटर जड गेले ते सायकलीमुळे नव्हे, दुपारी ढाब्यावर चापलेल्या शेवभाजीमुळे.

आमच्या या हौसेच्या सायकली ज्या रस्त्यावरून जातात, त्याच रस्त्यावरून सकाळी मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली शाळेला जातात. त्यांच्या सायकलीला दिवा नसतो, मागे परावर्तक असला तर तो चिखलाने माखलेला असतो, आणि हिवाळ्यात जादा तासाला निघतात तेव्हा पुरते उजाडलेलेही नसते. त्या छंद म्हणून निघालेल्या नसतात. माझे वडील सांगत, की त्यांच्या तरुणपणी रात्री सायकलीला दिवा नसला तर शिपाई चाकातली हवा सोडून देई आणि माणूस सायकल ढकलत घरी येई. आता सायकलीला कोणी काही विचारत नाही आणि समोरच्या गाडीच्या दिव्यालाही क्वचितच विचारते.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत तीन गोष्टी मांडतो. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत परिवहन कार्यालयाची तालुक्याच्या ठिकाणी जी शिबिरे होतात, तिथे गाडीत कोणता बदल विनापरवाना चालतो, कोणता नोंद करून चालतो आणि कोणता मुळीच चालत नाही, याचा मोठ्या अक्षरांतला मराठी फलक असावा. आज ही माहिती तरुणाला पावती फाटल्यावर मिळते. सजावटीच्या दुकानांनी दिवे आणि सायलेन्सर यांच्या बिलावर ‘रस्त्यावर वापरण्यास परवानगी नाही’ किंवा ‘आरसीवर नोंद आवश्यक’ असे छापण्याची सक्ती व्हावी, कारण माझ्या पाहण्यात कारवाई नेहमी रस्त्यावर होते, दुकानात नाही. आणि नव्या सिमेंट रस्त्यांच्या साइडपट्ट्यांचा मुरूम दर दसऱ्यापूर्वी, म्हणजे कापसाच्या गाड्या आणि धुके दोन्ही सुरू होण्याच्या आत, भरला जावा.

या तिसऱ्या मागणीसाठी मी आणि माझ्या सोबत्यांनी आमच्या नेहमीच्या ३८ किलोमीटरच्या रस्त्यावर मोजपट्टी लावून चौदा ठिकाणांची छायाचित्रे काढली आहेत. प्रत्येकावर किलोमीटरच्या दगडाचा आकडा दिसतो. आपल्या तालुका बातमीदाराला ती हवी असल्यास कोणत्याही रविवारी सकाळी नऊनंतर देता येतील. त्याआधी मी रस्त्यावर असतो.

कळावे,
आपला नम्र,
कापसाच्या पट्ट्यातील एक हिशेबनीस वाचक